मालीवेसने टाकलेली ओळ

आल्विन लेबसाकची कातडी चड्डी शनिवारपासून दाराआडच्या खुंटीला लटकत होती. हिरवे भरतकाम केलेले खांद्याचे पट्टे, खाली पांढरे लोकरी मोजे, वर पिसांची टोपी. बायको लेओनाने दोनदा विचारले, "पुसून पेटीत ठेवू का?" दोन्ही वेळा तो "राहू दे" म्हणाला आणि खोलीबाहेर गेला. बुधवारी तिने विचारणेच सोडले. पण चड्डीही तिथेच राहिली आणि आल्विनचे कपडे बदलणे न्हाणीघरात सुरू झाले.

"स्वतःच्याच कपड्यांना भितोस की काय?" लेओना म्हणाली.

"ते माझे कपडे नाहीत," आल्विन म्हणाला. हे वाक्य शनिवारी सुचले असते तर पुढचे काही झाले नसते.

फ्लिंट क्रीकच्या जर्मन वारसा मंडळाचा तो अकरा वर्षे अध्यक्ष होता. नेब्रास्काच्या पश्चिम टोकाला, बीटच्या शेतांमध्ये वसलेले हे गाव. गावातली निम्मी आडनावे रशियातून आलेली, व्होल्गा नदीकाठच्या जर्मन वस्त्यांमधून. आल्विनच्या आजोबांच्या पिढीने तिथून आणले ते लोकरी शाली, कोबी-खिमा भरलेले पाव आणि देवाचे गाणे. बिअर त्यांनी आणली नव्हती, कारण भाऊमंडळी या त्यांच्या प्रार्थनासंघात दारू चालत नसे. नाचही चालत नसे. कातडी चड्डी तर त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. ती डोंगराकडच्या जर्मनांची, आणि आपल्या लोकांनी दोनशे वर्षांत टेकडी पाहिली असेल तर तीही उंदराने उकरलेली, असे आल्विनचे वडील म्हणत. पण मंडळ निघाले तेव्हा वारसा म्हणजे काय ते कोणाला नक्की ठाऊक नव्हते. कोणीतरी विस्कॉन्सिनहून कपड्यांचे छापील पुस्तक मागवले, त्यात रंगीत चित्रे होती. तेव्हापासून दरवर्षी बीटची काढणी लागायच्या आधीच्या शनिवारी मंडळाचा उत्सव होई. बिअरचे पिंप उघडे, ट्यूबाचा पितळी कर्णा वाजे, आणि तीनशे माणसे कोंबडीसारखे हात हलवून नाचत.

यंदा, म्हणजे एकोणीसशे एकोणनव्वद साली, चिटणीस नॉर्मा डायनेसने एक टूम काढली. "पंधरा मिनिटं जुन्या काळासाठी ठेवू या. मालीवेसना बोलवा."

आमालिया हर्गर्ट. वय एकोणनव्वद. सात वर्षांची असताना बोटीतून आलेली. वेस म्हणजे मावशी, आणि मालीवेस अख्ख्या गावाची वेस होती. भाऊमंडळीच्या गाण्यात ओळ टाकणाऱ्यांपैकी आता ती एकटीच उरली होती. उत्सवाला तिला दरवर्षी बोलावणे जाई आणि दरवर्षी ती नाही म्हणे. यंदा आल्विन गेला तेव्हा ती अंगणात सलगम उपटत होती.

"माणसं किती असतात?" तिने विचारले.

"तीनशे तरी."

"आपली?"

"सगळी आपलीच की, मालीवेस."

ती थोडा वेळ हातातल्या सलगमाची माती चोळत राहिली. मग म्हणाली, "येते."

आता ज्याने भाऊमंडळीची बुधवारची सभा ऐकली आहे, त्याला सांगायला नको. पण ऐकणारे आता राहिलेत किती? कोणाच्या तरी स्वयंपाकघरात बाकडी मांडलेली असत. पाद्री नसे. शेतावरून आलेला एखादा भाऊ उभा राही, डोळे मिटे आणि बोलू लागे. आणि बोलता बोलता ते बोलणे नकळत सुरात शिरे, जसे उतारावर पाणी आपोआप वाट काढते. प्रवचन कुठे संपले आणि गाणे कुठे लागले हे कळतच नसे. मग पुढे उभा असलेला गाणारा ओळ टाकी. गात नसे तो, नुसती भराभर म्हणे, एका श्वासात. चाल मागच्यांची. मागचे ती ओळ उचलत आणि असे सावकाश, असे लांबवत गात की एका ओळीत भाकरी भाजून व्हावी. पुस्तक एकच असे आणि माणसे तीस, म्हणून ही रीत पडली म्हणतात. पण त्यात दुसरेही काही होते. टाकणाऱ्याने टाकायचे आणि विश्वासाने थांबायचे. देवाशी माणसाचे जसे असते, तसेच.

आल्विनचे आजोबा योहान्नेस लेबसाक हे तसे टाकणारे होते. अकराव्या वर्षापर्यंत आल्विन त्यांच्या मांडीला टेकून ओळी उचलत असे.

शनिवारी मालीवेस आली ती काळ्या कपड्यांत, डोक्याला काळी शाल. पिंप उघडण्याची स्पर्धा संपली होती आणि कोंबडीचा नाच व्हायचा होता. आल्विनने तिला हात देऊन मंचावर चढवले. तिने त्याच्या उघड्या गुडघ्यांकडे पाहिले. नॉर्माने माइक खाली केला. हॉलमध्ये बशा वाजत होत्या. ट्यूबावाला डेलबर्ट श्विंट मांडीवर वाद्य घेऊन तोंड पुसत होता.

मालीवेसने शाल सारखी केली, डोळे मिटले आणि ओळ टाकली.

"दमलास रे वाटसरा, ओझे इथे ठेव."

जुन्या बोलीत, भराभर, सपाट आवाजात. आणि ती थांबली.

आल्विन तिच्यापासून दोन हातांवर उभा होता. एका हातात झाकणाचा मग, दुसरा हात पट्ट्यात. चाल त्याच्या छातीत उठली, घशाशी आली, ओठ उघडले. आणि त्याच क्षणी त्याला स्वतःचे रूप दिसले: पिसांची टोपी, उघडे गुडघे, मगवर फेस, आणि समोर तीनशे चेहरे. या वेषात हे गाणे? लोक हसतील असे वाटले. की या गाण्याने हा वेषच हसण्यासारखा होईल असे वाटले? काय वाटले ते त्याला आजही नीट सांगता येत नाही. ओठ मिटले एवढे खरे.

मालीवेस थांबली होती. एक ओळ गायला जेवढा वेळ लागतो तेवढा पुरा वेळ थांबली. मग तिने दुसरी टाकली.

"घरचा दिवा दिसू लागला, पाय उचल."

पुन्हा थांबली. मागच्या टेबलाशी कोणी खोकले. ज्यांना रीत माहीत नव्हती त्यांना वाटले, म्हातारी एकेक वाक्य बोलते आणि पुढचे विसरते. बायकांच्या चेहऱ्यांवर कणव आली. मालीवेसने डोळे उघडले. तिसरी ओळ तिने टाकलीच नाही.

ते शांत झालेले सभागृह आल्विनला सोसवेना. तो माइकशी गेला. "आमच्या मालीवेस एकोणनव्वद वर्षांच्या आहेत," तो हसत म्हणाला. "एवढं आठवलं हेच खूप झालं. जोरदार टाळ्या होऊ द्या."

टाळ्या कडाडल्या. त्या विरायच्या आत डेलबर्टने ट्यूबा फुंकला आणि तीनशे माणसे कोंबड्या झाली.

आल्विननेच तिला गाडीतून घरी सोडले. वाटेत ती एकदाच बोलली.

"त्या चड्डीत गुडघ्यांना थंडी नाही का रे वाजत?"

"सवय झाली, मालीवेस."

"होते खरी," ती म्हणाली.

बुधवारी गावच्या साप्ताहिकात उत्सवाचा फोटो आला. खाली छापले होते: पणजीबाई गाणे विसरल्या, पण गावकऱ्यांनी टाळ्यांनी मन राखले. लेओनाने ते न्याहरीला मोठ्याने वाचले आणि म्हणाली, "बिचारी."

आल्विनच्या हातातला पाव तसाच राहिला. तो विसरायला धडपडत होता ते दुसरेच काही होते. युद्धाचे वर्ष. तो अकरा वर्षांचा, शाळेतल्या तिघांबरोबर न्हाव्याच्या दुकानापाशी उभा. रस्त्यावर बर्फ. पलीकडून आजोबांनी हाक मारली, मोठ्याने, आपल्या बोलीत: "आल्वी, ये रे, हात धर माझा." त्या दिवसांत त्या भाषेचा शब्द रस्त्यावर उच्चारणे म्हणजे शत्रूचा झेंडा फडकावणे होते. बरोबरच्या एकाने विचारले, "कोण रे तो म्हातारा?" आल्विन न्हाव्याच्या काचेत बघत राहिला. काचेतच त्याने पाहिले, आजोबा एकेक पाऊल टाकत, हात पसरून तोल सावरत, एकटे रस्ता ओलांडत होते. पुढच्या बुधवारी ते टोपी घालून एकटेच सभेला गेले आणि पुन्हा कधीही त्यांनी "चल" म्हटले नाही.

शुक्रवारी दुपारी आल्विन साधी पँट घालून मालीवेसच्या दारात उभा राहिला. ती ओट्यापाशी नूडल्स कापत होती. पिवळी पोळी गुंडाळून सुरीने अशी बारीक चिरत होती की सुरीकडे बघावे लागत नव्हते.

"आलास तर हात धू," ती म्हणाली. "त्या खुर्चीच्या पाठीवर पंचा टाक आणि या वाळत घाल. एकमेकींना चिकटू देऊ नकोस."

त्याने हात धुतले. एकेक पट्टी उचलून पंचावर टाकू लागला. मोठा माणूस, अठ्ठावन्न वर्षांचा, साडेतीनशे एकर बीट पिकवणारा, आणि पट्ट्या बोटांना चिकटत होत्या.

"मालीवेस, मी माफी मागायला आलोय."

"कशाची?"

गाडीत बसून जे जुळवले होते तेच तोंडातून निघाले. "कार्यक्रम नीट बसवला नाही त्याची. दोन नाचांच्या मधे तुम्हाला घातलं."

"कार्यक्रम चांगला झाला. सॉसेज गरम होतं." सुरी चालूच होती. "तुझे ओठ हलले."

आल्विनच्या हातातली पट्टी तुटली.

"मी डोळे मिटते, पण पुरते मिटत नाही," मालीवेस म्हणाली. "टाकणाऱ्याला बघावं लागतं, कोण उचलतोय. म्हटलं योहान्नेसचा नातू आहे, आता उचलेल. ओठ उघडले आणि मिटले. म्हणजे तू विसरला नव्हतास."

"नाही."

"मग मी विसरले असं का सांगितलंस?"

त्याने तुटलेली पट्टी पंचावर ठेवली. मग म्हणाला, "लाज वाटली."

"कोणाची? माझी?"

"तुमची नाही. म्हणजे... थोडी तुमचीही. त्या शालीची. आणि मग माझी. त्या कपड्यांत..."

"एक काहीतरी ठरव बाबा," ती म्हणाली. सुरी तिने खाली ठेवली. "मंगळवारी नर्स आली होती, माझं डोकं तपासायला. आज वार कोणता, देशाचा अध्यक्ष कोण, शंभरातून सात सात वजा करा. मी म्हटलं, बाई, वार मंगळवार आहे आणि वजाबाकी तू कर. इकडे डेनव्हरहून एल्फ्रीडाचा फोन. कोणी तिला कळवलं, आई मंचावर विसरली. आता माझी मुलगी म्हणते, आई, तू एकटी राहू नकोस, इथे चांगलं घर आहे, म्हाताऱ्यांचं, खिडकीतून बाग दिसते."

"मी तिला सांगतो..."

"थांब. माझं संपलं नाही." ती स्टुलावर बसली. "इतकी वर्षं बोलावलंत, आले नाही. यंदा का आले विचारलंस?"

त्याने विचारले नव्हते.

"माझ्या नवऱ्याला, फिलिपला मातीत ठेवला तेव्हा कडेला अकरा जण होते उचलणारे. माझ्या बहिणीच्या वेळी चार. आता माझी पाळी. बघायला आले होते मी, माझ्या खड्ड्यापाशी कोण उचलणार ते. पाद्री भला माणूस आहे, पण तो टेप लावतो. मी टेपवर नाही जायची. तू म्हणालास तीनशे आहेत, सगळी आपलीच. म्हटलं तीनशेत चार तर निघतील." तिने कणकेचे हात एकमेकांवर चोळले. "बघून झालं. डेनव्हर तर डेनव्हर. कोणी उचलणारच नसेल तर मातीला काय, इथली काय नि तिथली काय."

"मी उचलेन, मालीवेस."

"एकट्याने उचललं तर ते गाणं होत नाही, रडणं होतं. आणि टाकणार कोण? मी तर पेटीत." ती उठली आणि सुरी पुन्हा हातात घेतली. "जा आता. त्या खालच्या चिकटल्यात बघ."

मंगळवारी संध्याकाळी मंडळाची मासिक सभा होती. बावीस जण आले होते. नॉर्माने क्रेबेल तळून आणले होते, गोड आणि गरम, शेजारी कलिंगडाच्या फोडी. आधी पुढच्या वर्षीच्या बँडचा विषय झाला. मग टोप्यांच्या पिसांचा. डेलबर्ट म्हणाला, "पिसं मोठी घ्या. अध्यक्षांचं टक्कल झाकलं जात नाही." सगळे हसले. आल्विन उभा राहिला.

"एक सांगायचंय," तो म्हणाला. "मालीवेस विसरल्या नव्हत्या. ते गाणं तसंच असतं. त्यांनी ओळ टाकायची, आपण उचलायची. कोणी उचलली नाही म्हणून त्या थांबल्या. मला येत होती. मी उचलली नाही. वर माइकवर खोटं बोललो. पेपरात आलं ते माझं खोटं आहे. मुलगी त्यांना गावातून न्यायला निघाली आहे ती त्याच्यामुळे. नॉर्मा, कार्यवृत्तात लिही."

"कसं लिहू?" नॉर्माने हळूच विचारले.

"बोललो तसं."

नॉर्माने पेन टेकवले, पण लिहिले नाही. आल्विन वाट बघत होता की कोणीतरी शिवी देईल, निदान राजीनामा दे म्हणेल. खाली बसावे की नाही तेही कळेना.

"मी ट्यूबा लगेच का फुंकला माहीत आहे?" डेलबर्ट म्हणाला. तो कोणाकडेच बघत नव्हता. कलिंगडाची बी काट्याने एका बाजूला सारत होता. "त्या थांबल्या ना, तेव्हा ती चाल माझ्या घशात आली होती. आमच्या आजीची. म्हटलं आता ही बाहेर पडणार आणि मी तीनशे लोकांसमोर पोरासारखा रडणार. म्हणून पुढ्यात होतं ते फुंकलं."

कोणी हसले नाही. डेलबर्टच्या बोलण्यावर कोणी न हसण्याची ही पहिलीच वेळ होती.

"मला पहिल्या दोन ओळी येतात," नॉर्मा कागदाकडे बघत म्हणाली. "आईचं रोजचं गाणं होतं ते. मीच त्यांना बोलवा म्हटलं आणि मीच मागे उभी राहून घड्याळ बघत होते."

कोपऱ्यातून लेओनाचा चुलतभाऊ हात वर करून म्हणाला, "मलाही," आणि लगेच हात खाली घेतला, जणू चोरी कबूल केली. त्याच्याजवळच्या दोघी बहिणी एकमेकींकडे पाहून नुसत्या मान हलवत राहिल्या.

आल्विनने मोजले. त्याच्यासकट सहा. त्याला आधी वाटले, मन हलके होईल, झाले उलटेच. एकाने पाप केले तर ते त्याचे असते, ते घेऊन देवापुढे जाता येते. इथे सहा जण एका छताखाली, एकच चाल गळ्याशी धरून, एकमेकांच्या पिसांकडे बघत गप्प उभे होते, आणि मधे एक म्हातारी दोनदा थांबली होती. पूर्ण ओळीचा वेळ थांबली होती.

"लिही, नॉर्मा," तो म्हणाला.

"लिहितेय," नॉर्मा म्हणाली. "सहा जणांची नावं लिहितेय."

बुधवारी सकाळी त्याने आधी साप्ताहिकाच्या संपादकाला फोन केला आणि मग डेनव्हरला. एल्फ्रीडाने सगळे ऐकून घेतले. "म्हणजे आई शुद्धीवर होती आणि तुम्ही सगळे नव्हता," ती म्हणाली. तो हो म्हणाला. ती म्हणाली, "नाताळपर्यंत बघते." बस, तेवढेच. लेओना दारात उभी होती. त्याने खुंटीवरची चड्डी काढली, मोजे आणि टोपीसकट तिच्या हातात दिली. तिने कुठे ठेवली ते त्याने विचारले नाही.

गुरुवारी दुपारी सहा जण मालीवेसच्या दारात उभे होते, थंडीचे कोट घालून, डेलबर्ट हातात टोपी धरून. तिने दार उघडले, सगळ्यांना वरपासून खालपर्यंत पाहिले.

"पाय पुसा," ती म्हणाली.

स्वयंपाकघरात भिंतीशी एक बाकडे होते. तीन बसले, तीन उभे राहिले. कॉफी तिने विचारलीच नाही. शाल सारखी केली, डोळे मिटले, पुरते नाही मिटले, आणि ओळ टाकली.

उचलली त्यांनी. पण काय उचलली. डेलबर्ट फार खाली, बहिणी फार वर, आल्विनचा आवाज मधेच गंजलेल्या फाटकासारखा. दुसऱ्या ओळीला नॉर्मा डोळे पुसू लागली आणि डेलबर्टचे नाक वाजले.

मालीवेसने बोट वर केले. "रडायचं ते मला पुराल तेव्हा रडा," ती म्हणाली. "आता चाल धरा. आणि सावकाश. मला घाई नाही."

पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा पहिल्यापासून. चौथ्यांदा कुठेतरी, अर्ध्या ओळीपुरते, सहा आवाजांचा एक आवाज झाला, आणि खिडकीतल्या काचा बारीक थरथरल्या. तेवढ्यापुरती मालीवेसची मान हलली. मग तिने डोळे उघडले आणि बाकड्याकडे न बघता म्हणाली, "आल्वी, पुढे ये."

त्या नावाने चाळीस-पन्नास वर्षांत त्याला कोणी हाक मारली नव्हती. तो उठला आणि तिच्या शेजारी उभा राहिला.

"तू टाक."

"मी, मालीवेस?"

"मी पेटीत असेन तेव्हा कोण टाकणार, डेलबर्ट? तो फुंकेल."

बाकड्यावर कोणीतरी हसू दाबले. आल्विनने हात मागे बांधले. जमिनीवरच्या फरशीच्या कोपऱ्यात पीठ सांडलेले होते, त्याकडे बघत त्याने पुटपुटत ओळ टाकली.

"खाली बघून नाही," मालीवेस म्हणाली. "त्यांना तुझे ओठ दिसले पाहिजेत."

मान वर करायला त्याला वेळ लागला. समोर पाच चेहरे होते, त्याच्यासारखेच लाजलेले, तोंडे अर्धवट उघडलेली. ती थांबली होती. तेही थांबले होते. आल्विनने मान तशीच वर ठेवली आणि ओळ पुन्हा टाकली.